आजीच्या डब्यातलं चांदीचं नाणं कुठलं असावं?

बोरीकाठ:
नमस्कार मंडळी. आम्ही अमळनेरकडचे. आजी गेल्यावर तिचा पितळी डबा उघडला, तर पोतीच्या तुटक्या मण्यांत हे नाणं निघालं. आकाराने लहान, पण जाड. सराफाच्या काट्यावर ४.१ ग्रॅम भरलं. एका बाजूला ठिपके आणि वाकड्या रेघा, दुसऱ्या बाजूला आडव्या रेघांची उतरंड. अक्षर एकही नाही. खानदेशच्या फारुकी सुलतानांची जुनी राजधानी थाळनेर जवळच, म्हणून काका म्हणतात त्यांचंच असणार. सराफ म्हणतो कस कमी आहे, आटवून टाका. मला आटवायचं नाही. आजीने एवढं जपलं ते काय आहे, हे कळायला हवं.

भुसावळवाला:
फारुकींची नाणी मी पाहिलीत ती तांब्याची, त्यावर फारसी-अरबी अक्षरं असतात. कलचुरी कृष्णराजाचा रुपक तर नाही ना? सहाव्या शतकातला, नाशिक-खानदेशात सापडतो. नंदी दिसतो का बघा.

जुना ठसा:
रुपक नव्हे भाऊ. तो साधारण दोन ग्रॅमचा, शिवाय त्यावर ब्राह्मी अक्षरं असतात. तुमच्याकडे आहे तो गधिया, म्हणजे इराणी नाण्याच्या नकलेतून आलेलं जुनं चांदीचं नाणं. ठिपक्यांची बाजू हळूहळू फिरवत बघा. एका कोनात लांब सरळ रेघ म्हणजे नाक, त्याच्या मागचा ठळक ठिपका म्हणजे डोळा, नाकाखालच्या दोन बारीक रेघा म्हणजे ओठ. तो इराणच्या सासानी राजाचा चेहरा आहे! पाठीमागची उतरंड म्हणजे अग्निवेदी. तिच्या दोन्ही अंगांना उभे सेवक होते, त्यांचे आता नुसते ठिपके उरलेत.

मूळ नमुना पेरोझ राजाचा. हा ४८४ मध्ये हूणांशी लढताना मारला गेला. त्याची नाणी हूणांमार्फत इकडे आली आणि राजस्थान, गुजरात, माळव्यात त्यांच्या नकला पाडू लागले. पुढे नकलेची नकल होत गेली. ठसा कोरणाऱ्याने मूळ नाणं कधी पाहिलेलंच नसायचं, म्हणून चेहरा मोडत गेला, नाणं लहान आणि जाड झालं, चांदीत तांबं वाढलं. कस कमी लागतो तो यामुळेच. तुमचं इतकं मोडलेलं आहे, तेव्हा अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपासचं धरा. राजाचं नाव मात्र त्यावरून सांगता येत नाही.

आणि कृपा करून चिंच, लिंबू, पितांबरी काहीही लावू नका. तो काळसर थर गेला की बारीक रेघाही जातात. साध्या कागदाच्या पाकिटात ठेवा, वजन वर लिहून ठेवा.

बोरीकाठ:
दादा, नाक सापडलं! डोळाही. मोठ्या आत्याला विचारलं, तर ती म्हणते आजीला हे निंदताना नदीकडच्या वावरात सापडलं होतं. तिथं अजून असतील का?

जुना ठसा:
असतीलही, पण उकरू नका. पुरलेलं धन दहा रुपयांहून जास्त किमतीचं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, १८७८ चा कायदा आहे. आत्याकडून वावराचा नेमका बांध विचारून आजच लिहून ठेवा. कुठे सापडलं हे एकदा हरवलं, तर अभ्यासाला त्या नाण्याचा निम्मा उपयोग उरत नाही.