ब्लिट्झक्रीगचा बागुलबुवा पुरे आता

तिरकस_तात्या: कालच्या पोस्टमध्ये एका विद्वानाने ठोकून दिलंय की ब्लिट्झक्रीग नावाचं यांत्रिक युद्धतंत्र फक्त जर्मनांकडे होतं म्हणून दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स सहा आठवड्यांत आडवा झाला. डोकं फिरलं वाचून. अहो, मे १९४० मध्ये जर्मनांच्या पॅन्झर, म्हणजे रणगाड्यांच्या, डिव्हिजन होत्या १०, बाकी बहुतेक सैन्य पायी आणि तोफा ओढायला घोडे! फ्रेंचांकडे रणगाडे काय कमी होते? त्यांचे सरसेनापती गामलँसाहेबांनी चांगली फौज बेल्जियमकडे धाडली, आर्देनच्या जंगलासमोर दुय्यम तुकड्या ठेवल्या, आणि १३ मेला सेदां गावापाशी जर्मनांनी म्यूज नदी ओलांडली तेव्हा मागे राखीव सैन्यच नाही. दार सताड उघडं टाकून झोपलात तर चोराच्या कसबाचं कौतुक कशाला?

पॅन्झरवाला: पोस्ट माझीच. दार उघडं असलं तरी आत शिरायची धमक लागते. जर्मन पॅन्झर जनरल गुडेरियनला वरून 'थांब' म्हणत होते तरी तो रेटत राहिला, २० मेला जर्मन समुद्राला भिडले. त्यांच्या रणगाड्यांत रेडिओ होते, आणि तुमच्या गामलँच्या मुख्यालयात रेडिओच नव्हता! हे तंत्र नाही तर काय आहे?

घाटावरची_मंजू: घोड्यांवरून आठवलं, डंकर्कला, म्हणजे ब्रिटिश फौज जिथून समुद्रमार्गे निसटली तिथे, आपले खेचरवाले जवान होते हे कुणाला माहितीये का? डिसेंबर १९३९ मध्ये भारतातून फोर्स के-६ ही खेचरवाल्यांची तुकडी फ्रान्समध्ये मार्सेला उतरली होती, त्यातली एक कंपनी जर्मनांच्या हाती सापडली. सिनेमावाल्यांना दिसतात फक्त गोरे.

पॅन्झरवाला: 'आपली' कुठली, त्यात बहुतेक पंजाबी होते. विषय काय, चाललंय काय.

घाटावरची_मंजू: पंजाबी आपले नाहीत वाटतं? बरं, मराठीच हवेत तर इटलीत या. माझे आजोबा मराठा लाईट इन्फन्ट्रीत होते. डोंगरात ट्रक चढायचे नाहीत, खेचरावर दारूगोळा वर न्यायचा आणि उतरताना त्याच वाटेने जखमींना आणायचं. सगळा हिवाळा चिखलात गेला म्हणायचे. यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये तिथेच धारातीर्थी पडले, नामदेव जाधवांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. यांच्यावर धागा निघत नाही, गुडेरियनचे पोस्टर मात्र पोरांच्या खोलीत!

रोखठोक_राजा: इंग्रजांच्या पगारावर लढले त्यात एवढं काय?

घाटावरची_मंजू: घरी जमीन किती होती ते विचारा आधी, मग पगाराचं बोला. मनीऑर्डर आली तरच चूल पेटायची आमच्याकडे. तुमच्या घरचे काय तेव्हा सगळे भूमिगत होते का हो?

रोखठोक_राजा: वैयक्तिक होऊ नका. माझा आक्षेप लोकांवर नाही, व्हाइसरॉयने १९३९ ला कुणाला न विचारता भारताला युद्धात ओढलं त्यावर आहे.

घाटावरची_मंजू: मग तसं लिहायचं ना पहिल्यांदाच.

तिरकस_तात्या: धागा माझा होता बहुतेक. पॅन्झरवाले, रेडिओचा मुद्दा घ्या, दिला तुम्हाला, बक्षीस म्हणून. पण 'फक्त यंत्रांमुळे' हे खोडा.

पॅन्झरवाला: 'फक्त' काढतो. बाकी एक अक्षर बदलणार नाही.