मदत हवी आहे: मोरा लाँचमधून दिसलेल्या डॉल्फिनच्या अंगात दोर रुतलाय

मंडळी, जरा घाईत लिहितेय. मी रोज उरणजवळच्या मोऱ्याहून मुंबईत भाऊच्या धक्क्याला लाँचने येते. आज सकाळी घारापुरी उजव्या हाताला मागे पडत होती, तेव्हा दोन डॉल्फिन दिसले. मरीन ड्राइव्हच्या बाजूला दिसल्याचं ऐकून होते, पण बंदरात, एवढ्या जहाजांच्या वर्दळीत, नऊ वर्षांत पहिल्यांदाच पाहिले.

मोठी शिशाच्या रंगाची. पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पर. दुसरं जेमतेम अर्ध्या लांबीचं, फिकट, तिच्या कुशीला चिकटून. ती वर आली की तेही वर. पिल्लूच असणार. शेजारचे गृहस्थ म्हणाले भुलगा (फिनलेस पॉरपॉइज) असेल, पण भुलग्याच्या पाठीवर पर नसतोच. तांडेलकाका तर बघताक्षणी म्हणाले, "गादा हाय तो." गादा म्हणजे हंपबॅक डॉल्फिन, म्हणून मी तेच धरून चाललेय. हे किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, खाडीच्या तोंडाशी राहतात, म्हणजे नेमके जिथे जाळी लागतात तिथेच. चूक असेल तर सांगा.

तिसऱ्यांदा ती लाँचपासून पंधरा-वीस हातांवर वर आली. पराच्या पुढे हिरवा नायलॉनचा दोर, चांगला रुतलेला. कडेची कातडी पांढुरकी झालेली आणि सुटं टोक मागे पाण्यात ओढलं जात होतं. फस्स करून श्वास सोडलेला ऐकू आला. काकांनी इंजिन मंद केलं, तिच्याकडे लाँच वळवली नाही, हे फार बरं केलं.

दोन मुलं होडी घेऊन दोर कापायला निघाली होती, त्यांना थांबवलं. पाठलागात पिल्लू आईपासून सुटलं तर? शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी, आपण हात लावायचाच नाही.

वनविभागाच्या १९२६ वर आत्ता फोन करतेय. मला हे हवंय:

पिल्लू सोबत असताना भर समुद्रात असा दोर सोडवता येतो का? कुणी जवळून पाहिलंय? ते टोक कशात अडकलं तर तिला श्वासाला वर येता येणार नाही, ही धास्ती डोक्यातून जात नाहीये. आणि त्यांना जागा नेमकी कशी सांगू? माझ्याकडे फक्त सात सेकंदांचा हलता व्हिडिओ आहे, त्यात पर दिसतो, दोर नाही.

मोरा किंवा घारापुरीच्या लाँचने जाणारं कुणी असेल आणि झूमचा कॅमेरा असेल, तर उद्या सकाळी प्लीज नजर ठेवा. पराच्या मागच्या कडेला एक खाच आहे, त्यावरून ती ओळखू येईल.