मदत हवी आहे: मेंदूत रक्तस्राव झाल्यावर एकोस्प्रिन परत कधी सुरू करतात?

नमस्कार मंडळी, आम्ही निपाणीचे. बाबांना (वय ६८, बीपी जुनं) गेल्या महिन्यात मेंदूत रक्तस्राव झाला. बेळगावला ॲडमिट केलं, सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या आत खोलवर, थॅलॅमस नावाच्या भागाजवळ रक्त साकळलेलं दिसलं, ऑपरेशन लागलं नाही. आता उजवा हात अजून जड आहे, पण बोलतात, धरलं की चालतात.

अडचण अशी की दोन वर्षांमागं कोल्हापुरात त्यांना स्टेंट घातलाय, तेव्हापासून एकोस्प्रिन ७५ (म्हणजे ॲस्पिरिन) आणि क्लोपिडोग्रेल, गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, दोन्ही चालू होतं. ॲडमिट केल्याबरोबर दोन्ही बंद केलं. डिस्चार्जच्या कागदावर नुसतं 'होल्ड' लिहिलंय, कधीपर्यंत ते नाही. मेंदूवाले डॉक्टर म्हणतात घाई नको, हार्टवाले म्हणतात फार दिवस बंद ठेवलं तर स्टेंटमध्ये गुठळी होईल, आणि दोघांच्या मधे आम्ही. बाबा रोज सकाळी डबीतला रिकामा खण दाखवून विचारतात, माझी हार्टची गोळी कुठाय? काय सांगायचं त्यांना?

मी थोडं वाचलंय. दवाखान्यात पाहुणे म्हणत होते प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) चढवा, रक्त द्यायला पोरंही तयार होती, डॉक्टरांनी नको म्हटलं. ते बरोबरच होतं, कारण २०१६ च्या पॅच नावाच्या अभ्यासात या गोळ्या घेणाऱ्या १९० पेशंटपैकी ज्यांना प्लेटलेट्स दिल्या त्यांचं उलट जास्त बिघडलं. दुसरा ब्रिटनमधला रीस्टार्ट, २०१९ चा, ५३७ लोकांचा. त्यात गोळी परत सुरू केलेल्या २६८ पैकी १२ जणांना पुन्हा मेंदूत रक्तस्राव झाला, न घेणाऱ्या २६८ पैकी २३ जणांना. वाचून धीर आला, पण त्यातले निम्मे लोक रक्तस्रावानंतर अडीच महिने उलटल्यावर अभ्यासात आलेले, मग महिन्याभराच्या पेशंटला ते कसं लावायचं? कुणाच्या घरी असं झालं असेल तर प्लीज सांगा, आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारू तेही.

उत्तर: मी हुक्केरी तालुक्यात प्रॅक्टिस करतो. गोळी स्वतःहून सुरू करू नका, पण 'होल्ड' म्हणजे कायमची बंद असंही धरू नका. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा, तुम्ही निरोप्या होऊ नका. विचारायचं ते असं: एमआरआयमध्ये बारीक रक्तस्रावाचे ठिपके आहेत का, आणि सुरू करायचीच झाली तर एकच गोळी पुरेल का, कारण स्टेंटनंतर दोन गोळ्या साधारण ६ ते १२ महिनेच देतात आणि बाबांना दोन वर्षं झालीत. थॅलॅमससारख्या खोल जागी रक्तस्राव बहुतेक वेळा बीपीमुळं होतो, तेव्हा बीपी १३०/८० च्या खाली ठेवणं हे या क्षणी गोळीच्या प्रश्नापेक्षाही मोठं काम आहे. घरी मशीन घ्या, सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा, ती वही दोघांनाही दाखवा. सांधे दुखले म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून देऊ नका. छातीत दुखलं किंवा डोकं अचानक ठणकायला लागलं तर वाट न बघता थेट दवाखाना.

धागाकर्ता: डॉक्टरसाहेब, खूप आभार. कोल्हापूरच्या डॉक्टरांना उद्याच फोन करून बेळगावचा नंबर देतो. एमआरआय झालाय, पण रिपोर्टमध्ये ठिपक्यांचं काही दिसत नाही, फिल्मच त्यांना दाखवतो.