विषय: पप्पांची आठशे, इंजिन घरीच उतरवावं का?

मंडळी नमस्कार,
सुट्टीवर लातूरला आलोय, हातात अजून अठरा दिवस आहेत. पप्पांची मारुती ८००, २००७ ची, निळा धूर सोडायली आणि हजार किलोमीटरला लिटरभर ऑईल खायली. गॅरेजवाले म्हणायलेत इंजिन खाली घ्यावं लागंल, ३४ हजार, त्यात दहा हजार नुसती उतरवा-चढवायची मजुरी. दुसरा एकजण म्हणतो जुन्या बाजारातलं इंजिनच टाकून देतो, २० मध्ये. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायचं, तसल्या वर्षात पण पप्पांनी ही गाडी विकली नाही, म्हणून भंगारचा विषयच नाही. मी आणि चुलतभाऊ मिळून स्वतःच उतरवावं म्हणतोय, अंगणातल्या लिंबाच्या फांदीला चैन पुली बांधून. कुणी केलंय का?

---

अरे बाबा, लिंबाची फांदी आधी डोक्यातून काढ. फांदी कडकडून सांगत नाही, एकदमच येते. बोअरची मोटर ओढणाऱ्यांकडं तीन पायांचा लोखंडी घोडा मिळतो का बघ, एक दिवस भाड्यानं आण. आणि इंजिन लटकलेलं असताना खाली हातसुद्धा घालायचा नाही, गाडी जॅकवर नाही, लोखंडी स्टँडवर ठेवायची.

पण त्याच्याही आधी खरंच उतरवायचंय का ते बघ. तिन्ही प्लग काढून कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोज, जिथं कमी येईल तिथं प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल टाकून परत मोज. वाढलं तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, गेलाय. नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट बघ, त्याला नुसतं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, निघतं, इंजिन जागेवरच राहतं, मग दहा हजाराची मजुरी कशाला.

उतरवायचंच ठरलं तर पेट्रोल पंपाचा रिले काढून गाडी बंद पडेपर्यंत चालू ठेव, पाईपातलं प्रेशर जातं. मग बॅटरीची मायनस वायर. एसीच्या पाईपांना हात लावू नको, कॉम्प्रेसर सोडून दोरीनं बाजूला बांध, गॅस वाचतो. गिअरबॉक्सचं ऑईल आधी काढ, नाहीतर एक्सल ओढल्यावर सगळं अंगणात. कुलंट तर अजिबात जमिनीवर सांडू नको, गोड लागतं, कुत्री-वासरं चाटतात आणि मरतात.

जुन्या बाजारातल्या इंजिनाचा नाद सोड. आरसीवर इंजिन नंबर असतो, दुसरं इंजिन टाकलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरटीओत नोंद करावी लागते. कागद नसलेलं इंजिन घेऊन तुझे पप्पा चेकिंगला कुठं उभे राहतील?

---

काका, तुमचं ऐकलं ते लई बरं झालं.
कम्प्रेशन एक आणि तीन नंबरला १६५ पीएसआयच्या आसपास, मधल्याला ९०. ऑईल टाकल्यावर १४० वर गेलं. म्हणजे उतरवावंच लागलं. घोडा औशाहून आणला, दिवसाला ५०० रुपये.

प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून नंबर टाकला, फोटो वेगळे काढले, बोल्ट चहाच्या कपात सुटे ठेवले, कपावर नाव लिहून. सायलेन्सरकडचे नट गंजून चिटकले होते, रात्रभर गंजाचं तेल सोडून ठेवलं, सकाळी चौदाच्या गोटीनं (सॉकेट पान्यानं) हळूच हलले. दुपारी पुली ओढली तर इंजिन चार बोटं उठलं आणि गाडीचं तोंड पण त्याच्यासंगं उठायलं. तिथंच थांबलो. बघतो तर गिअरबॉक्समागची अर्थिंगची जाड पट्टी सोडायची राहिली होती. जोर केला असता तर तुटून काय झालं असतं देव जाणे.

मधल्या पिस्टनच्या तिन्ही रिंगा पिस्टनमध्ये जाम झालेल्या, बोरवर नखाला लागेल अशी रेघ. आणि रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा थर, चुन्यासारखा. पप्पा वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतायचे, इथलं पाणी कसं जड आहे तुम्हाला माहीतच आहे. गाडी गरम होत गेली ती तिथून. लेथवाल्याकडं बोर करून मोठे पिस्टन टाकले, क्लच प्लेट आणि मागचं ऑईल सील पण बदललं, तिथवर परत कोण जाणार. रेडिएटर नवीन. सगळं मिळून १९ हजार ४००.

काल बसवलं. पप्पांनीच चावी फिरवली, दुसऱ्या सेल्फला लागली, धूर नाही. आता पहिले किती दिवस जपायचं?

---

शाब्बास! पहिले हजार किलोमीटर चौथ्या गिअरला ६० च्या वर नेऊ नका, एकाच वेगावर तासन् तास पळवू नका, चढाला दाबू नका. ५०० ला ऑईल-फिल्टर बदल. रेडिएटरला कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं, दोन डबे भरून डिकीत ठेव आणि बोअरच्या पाण्याची बाटली गाडीतून काढून टाक, तू परत गेल्यावर पप्पा तीच शोधतील.