अप्पांचा हयातीचा दाखला आणि बँकेच्या नावानं आलेला मेल

कृष्णाकाठ:
माझे वडील, म्हणजे अप्पा, ७४ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. ते वाईला माझ्या भावाकडे, मी पुण्यात. दर नोव्हेंबरसारखं यंदाही ४ तारखेला बँकेत जाऊन हयातीच्या दाखल्यावर सही करून आले. ८ तारखेला, म्हणजे दुसऱ्या शनिवारी, बँक बंद असताना संध्याकाळी साडेसातला त्यांना मेल आला: "आपला हयातीचा दाखला आमच्याकडे जमा झालेला नाही. २४ तासांत अपडेट न केल्यास डिसेंबरची पेन्शन रोखण्यात येईल." मराठी अगदी स्वच्छ, एक वेलांटी चुकलेली नाही. वर बँकेचा लोगो. आणि खाली एक ओळ, की रिझर्व्ह बँकेच्या आदेशावरून आमची वेबसाइट आता 'बँक डॉट इन' या नव्या पत्त्यावर आली आहे. ही गोष्ट तर खरीच! बँकेचा तसा मेसेज ऑक्टोबरात आला होता आणि मीच तो अप्पांना बसून समजावला होता.

मी त्यांना विचारलं, "अहो, तुम्ही सही करून आला होतात ना?" तर म्हणाले, "आलो होतो गं. पण काउंटरला नवीन मुलगी होती. तिनं कागद ड्रॉवरमध्ये सारला. मला वाटलं, पुढं गेलाच नसेल." यात त्यांना वेड्यात काढता येत नाही, कारण काही वर्षांपूर्वी एकदा त्यांचा दाखला खरोखरच गहाळ झाला होता आणि पेन्शन जानेवारीपर्यंत अडकली होती.

तर त्यांनी मेलमधलं निळं बटण दाबलं. नेटबँकिंगचं नाव आणि पासवर्ड टाकला, मग जन्मतारीख, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर. मग ओटीपी मागितला. चष्मा आतल्या खोलीत होता म्हणून सातवीतल्या नातीला म्हणाले, वाच गं आकडे. ती आकडे वाचायचं सोडून मेसेज पहिल्यापासून वाचत सुटली आणि मधेच थांबून म्हणाली, "आजोबा, बेनिफिशियरी म्हणजे काय?" मास्तरांनी अर्थ सांगितला, आणि सांगता सांगता त्यांच्याच डोक्यात उजेड पडला. दाखल्याला लाभार्थी, म्हणजे पैसे पाठवायचं नवं खातं, कशाला लागतो?

पैसे गेलेले नाहीत. पासवर्ड मी रात्रीच बदलायला लावला. एवढ्यावर भागेल का? आणि दुसरं, आता ते कुठलाच मेल उघडत नाहीत. बँकेचं खरं स्टेटमेंट आलं तरी म्हणतात, "नको, तूच बघ." त्यांना भ्यायला न लावता हे ओळखायला कसं शिकवू?

टपरीवरचा चहा:
नुसत्या पासवर्डवर भागणार नाही, ताई. नेटबँकिंगमध्ये जाऊन लाभार्थ्यांची यादी बघा, कुणी अनोळखी असेल तर काढा. रजिस्टर्ड मोबाइल आणि ईमेल तोच आहे ना, तेही बघा. डेबिट कार्डाचा नंबर दिला असेल तर कार्ड ब्लॉक. ट्रान्सफरची मर्यादा खाली आणा. कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशातले व्यवहार बंद-चालू करायची सोय २०२० पासून सगळ्याच बँकांना द्यावी लागते, ती बंद करून टाका. वाईच्या मास्तरांना परदेशी खरेदी कशाला लागतेय! मेलचा पासवर्ड बँकेचाच असेल (असतोच) तर तोही आजच बदला.

काउंटर नंबर चार:
मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी पेन्शनच्या काउंटरला. त्यामुळे तुमचे अप्पा मला डोळ्यासमोर दिसतात. दाखला देऊन झाल्यावरही "साहेब, चढवला ना?" म्हणून दोनदा परत येणारे. माझ्याकडे असे रोज दहा असायचे.

सगळे सांगतात की चुकीचं स्पेलिंग बघा, धमकीची भाषा बघा. पंधरा वर्षांपूर्वी ते ठीक होतं. तेव्हा मेल यायचे ते 'प्रिय मूल्यवान ग्राहक' असल्या थाटाचे, वाचतानाच हसू यायचं. आता हसू येत नाही. आणि धमकीची भाषा तर खरी बँकही वापरते. केवायसी दिली नाहीत तर खातं गोठवू, हे मी स्वतःच्या सहीनं किती गिऱ्हाइकांना कळवलंय! तेव्हा मेल खरा की खोटा, ही परीक्षा अप्पांना द्यायलाच लावू नका. मेलमधून बँकेत जायचंच नाही, बस्स. पेन्शन अडकेल असं कुणी म्हणालं, तर फोनमधलं बँकेचं ॲप उघडा, नाहीतर पासबुकावर छापलेल्या नंबरला फोन करा, नाहीतर सोमवारी शाखेत जा. मेल खरा असेल तर तीच गोष्ट तिथंही कळेल. एका शनिवार-रविवारात कुणाची पेन्शन थांबत नाही, हे मी कुठल्याही पेन्शनरला छातीठोक सांगेन. आणि हेल्पलाइनचा नंबर गुगलवर शोधू नका. तिथंही खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात.

माझा राग मात्र बँकांवर आहे. एकीकडे 'लिंकवर क्लिक करू नका' म्हणून मेसेज, आणि दुसरीकडे कर्ज घ्या, कार्ड घ्या म्हणून त्यांचेच मेल येतात, भलंमोठं केशरी बटण लावून, बटणाचा पत्ता भलत्याच कुठल्या जाहिरातवाल्या कंपनीचा. मेलमधल्या बटणावर बोट ठेवायची सवय गिऱ्हाइकाला लावली कुणी?

आता पुढचं नीट ऐका. पासवर्ड बदलेपर्यंत मधे किती वेळ गेला? तेवढ्यात चोरांनी आत डोकावून शिल्लक, एफडी, पेन्शनची तारीख उतरवून घेतली असेल असंच धरून चाला. दहा-पंधरा दिवसांत फोन येऊ शकतो: "गुरुजी, तुमची अमुक रकमेची एफडी अमुक तारखेला पिकतेय." आकडा बरोबर असल्यावर माणसाला वाटतं, हा बँकेतलाच. या फोनची कल्पना अप्पांना आत्ताच देऊन ठेवा. नेटबँकिंगमधून एफडी घरबसल्या मोडता येते, हेही त्यांच्या कानावर घाला.

अर्धवट इंजिनिअर:
काका म्हणतात ते पटलं, पण मास्तरांना पत्ता वाचायला शिकवाच. ते हाडाचे मास्तर आहेत, त्यांना आवडेल.

वेबसाइटचा पत्ता पोस्टकार्डासारखा असतो, खरं ठिकाण शेवटी. पत्रावर 'वाई, सातारा, महाराष्ट्र, काठमांडू' असं लिहिलं तर पत्र जाणार काठमांडूला, आधी वाई असो की आणखी काही. तसंच इथं. पत्त्यातली पहिली एकेरी तिरपी रेघ शोधायची (सुरुवातीला दोन जोडून असतात, त्या सोडून), तिथं थांबायचं आणि उजवीकडून डावीकडे वाचायचं. शेवटचे दोन तुकडे 'बँक डॉट इन' असतील तर ती बँकच, कारण हे नाव हैदराबादची आयडीआरबीटी (रिझर्व्ह बँकेनं काढलेली संस्था) फक्त बँकांना देते. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिथं जायला सांगितलं होतं. पण 'बँक डॉट इन' मधे आलं आणि पुढं 'डॉट पेन्शन-अपडेट डॉट' काहीतरी असलं, की झालं काठमांडू. 'बँक' आणि 'इन'मध्ये टिंबाऐवजी आडवी रेघ असेल तरी तेच. आणखी एक खोडी म्हणजे इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' चिकटवून लिहितात. मोबाइलच्या बारीक अक्षरांत मलाही फरक दिसत नाही, अप्पांना कुठून दिसणार! कुलपाच्या चिन्हाचं तर नावच नको. कुलूप म्हणजे वाटेत कुणी ऐकत नाही एवढंच. चोराच्या घरालाही कुलूप असतं.

मोबाइलवर बटण न दाबता त्यावर बोट दाबून धरलं की पत्ता दिसतो. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाखालच्या बाणाला हात लावला की खरा ईमेल पत्ता उघडतो. नाव काय, कुणीही 'बँक पेन्शन विभाग' लावेल. कॉम्प्युटरवर त्याच जागी 'साइन्ड बाय' अशी ओळ दिसते, म्हणजे पाठवणाऱ्या डोमेनची (ईमेलमधल्या @ च्या पुढच्या नावाची) सही. पण चोरानं स्वतःचं डोमेन घेऊन त्याची सही केली तर तीही तिथं छान दिसते. म्हणून सही आहे यावर खूश व्हायचं नाही, ती कुणाची आहे ते वाचायचं.

मधली सुट्टी:
आमच्याकडे ओटीपी वाचणारी नात नव्हती. गेल्या वर्षी 'तुमचे रिवॉर्ड पॉइंट आज रात्री १२ ला संपणार' असा मेल यांना आला, आणि ३८,५०० रुपये दोन मिनिटांत गेले. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. तिसऱ्यांदा लागला. त्यांनी पुढच्या खात्यात १६,००० अडकवले, ते चार महिन्यांनी हातात आले. बाकीचे पुढच्या पुढच्या खात्यांतून निघूनही गेले होते.

बँकेत गेलो तर पहिलं वाक्य, "ओटीपी तुम्हीच दिलात ना?" चीड येते, पण नियमही तसाच आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात लिहिलंय की गिऱ्हाइकानं स्वतः पासवर्ड वगैरे दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कृष्णाकाठ ताई, पैसे गेले नसले तरी आजच बँकेला लेखी कळवा आणि तक्रार नंबर घ्या. उद्या काही झालंच तर 'आम्ही ९ तारखेला कळवलं होतं' एवढं तरी म्हणता येईल. आमचे वीस मिनिटं कुणाची चूक यावर भांडण्यात गेले. मग फोन केला.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे आभार. ९ ला रविवारी हेल्पलाइनला कळवून तक्रार नंबर घेतला. सोमवारी मी वाईला गेले, अप्पांना घेऊन शाखेत गेले. लाभार्थी यादीत कुणी नवीन नव्हतं. हयातीचा दाखला ४ तारखेलाच चढलेला होता, त्या नवीन मुलीनं स्क्रीन फिरवून दाखवला. अप्पांना एवढं ओशाळल्यासारखं झालं की त्यांनी तिला तिचं गाव विचारलं. ती मेढ्याची निघाली. मग गप्पा.

काउंटर नंबर चार काका, फोन तुमच्या अंदाजाच्या आधीच आला, बुधवारी दुपारी. "गुरुजी, पेन्शन विभागातून बोलतोय," आणि एफडीचा आकडा अगदी बरोबर. अप्पा म्हणाले, "मी शाखेत येऊनच बोलतो, काउंटरला कोण आहे सध्या?" समोरून फोन बंद.

पोस्टकार्डाचा धडा वहीत उतरवून झालाय. काल त्यांनी नातीला दहा पत्ते लिहून दिले आणि खोटे ओळखायला लावले. तिचे नऊ बरोबर आले. दहावा होता 'आर' आणि 'एन' चिकटवलेला. त्यावर दोघांचं भांडण चालू आहे, कारण तिचं म्हणणं, अक्षर आजोबांचंच वाईट.