बार्शिमचं टोकियोतलं सुवर्ण अर्धं कसं?

उडाणटप्पू: कालच्या धाग्यावर कुणीतरी पिंक टाकून गेलंय की कतारच्या मुताझ बार्शिमने टोकियो ऑलिंपिकच्या उंच उडीत इटलीच्या तांबेरीशी 'सेटिंग' करून सुवर्ण वाटून घेतलं, म्हणून ते अर्धंच. अहो, २.३७ मीटरपर्यंत दोघांनी एकही उडी चुकवली नव्हती, २.३९ ला दोघांचे तिन्ही प्रयत्न फसले. पुढे उड्या मारायच्या की थांबायचं हे खेळाडूंनी ठरवायचं, असा नियमच आहे. आणि माणूस कोण? लंडन, रिओ, टोकियो, पॅरिस, चारही ठिकाणी पदक. २०१४ ला ब्रसेल्समध्ये २.४३, त्याच्या वर फक्त क्युबाचा विश्वविक्रमवीर सोटोमायोर. २०१८ ला घोटा गेला, २०१९ ला दोह्यात पुन्हा विश्वविजेता. अर्धं म्हणणाऱ्यांनी घरातल्या दाराची चौकट मोजावी, ती बुटकी निघेल.

स्पष्टवक्ती: पिंक माझी. नियम मला शिकवू नका. पॅरिसला न्यूझीलंडचा केर आणि अमेरिकेचा मॅकइवेन २.३६ वर बरोबरीत अडकले, तेव्हा वाटणी नाकारून पुन्हा उडाले. बार खाली २.३४ वर आला, केरने मारली, सोनं घेतलं. याला म्हणतात जिंकणं.

बांधावरून: तुमचं सोनं राहू द्या. आमच्या शाळेत उंच उडी म्हणजे वाळूचा खड्डा. पाठीवरून उडी घ्यायला गेलो की सर ओरडायचे, "मणका मोडशील, कात्री उडीच मार!" देवरगावचा सर्वेश कुशारे मक्याचं भुसकट भरलेल्या गादीवर पडून शिकला आणि २०२५ च्या विश्वस्पर्धेत २.२८ मारून सहावा आला. त्याच्यावर धागा काढा की!

उडाणटप्पू: अवांतर नको.

काकाश्री: अवांतर कसं? गादी नसेल तर उडी कसली? आमच्या मैदानावर गादी आहे, पण कुलपात. पावसाने खराब होते म्हणे. पाहुणे यायचे असले की बाहेर काढतात, फोटो झाले की आत.

स्पष्टवक्ती: गादी दिली तरी काय? दहावीचे क्रीडागुण पदरात पडले की पालकच पोराला क्लासला बसवतात.

बांधावरून: ताई, तोंड सांभाळा. माझी लेक त्या गुणांनंतरही रोज पहाटे मैदानावर जाते. क्लास परवडणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये.

स्पष्टवक्ती: तुमच्या लेकीबद्दल नव्हतं ते. बरं बाबा, सुवर्ण पूर्ण! पॅरिसचं कांस्य तरी त्याने एकट्याने घेतलं, तेवढ्यावर मिटवा.

उडाणटप्पू: उपकार झाले.

बांधावरून: काकाश्री, त्या कुलपाची किल्ली कुणाकडे असते? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.