गोधडी अर्धी राहिली आहे, मधला फुगा कसा काढू?

लेथवाला
बायको जाऊन अकरा महिने झाले. तिने शिवायला घेतलेली गोधडी तशीच राहिली. काठापासून धावदोरा घालत ती चौकटीचौकटीने आत येत होती. मधला साधारण दोन बाय तीन फुटांचा तुकडा उरलाय. सुई तिथेच टोचलेली.

गेल्या महिन्यात एका रात्री झोप येईना, तेव्हा कपाटातून काढली आणि दुसरी सुई घेऊन बसलो. आयुष्यभर लेथवर काम केलं, मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजला, आणि इथे चार इंचांची ओळ सरळ येत नाही. तिचे इंचाला सहा टाके, माझे अडीच, तेही झिंगल्यासारखे. पण तेवढा वेळ डोकं गप्प असतं. संध्याकाळी सात ते नऊ फार वाईट जायचे. त्या वेळात ती दिवसभराचं सगळं सांगायची आणि मी पेपराआडून हं हं करायचो. ते दोन तास आता निघतात.

अडचण अशी की मधे कापडाचा फुगा जमलाय. हाताने सारला की शेजारी उगवतो. शिवाय तिची सुई गंजली आहे, खाली तपकिरी डाग पडलाय. ती अजून काढवत नाही. आणि मुलगी म्हणते, "बाबा, आईचं आहे तसं राहू द्या, तुमचे टाके वेगळे दिसतील." दिसतातच. काय करू?

टाकेवाली
काका, फुगा येणारच. काठाकडून आत शिवत आलं की प्रत्येक ओळीबरोबर वरचं कापड जरासं पुढे सरकतं आणि सगळं मधे साठतं. काकूंच्या हातूनही थोडा आलाच असता.

आता शिवणं थांबवा. गोधडी जमिनीवर पसरा. टेबलावर नको, कडा लोंबल्या की थर सरकतात. उरलेला भाग तळहाताने सपाट करा आणि सगळ्या थरांतून वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घाला. तरी कापड जास्त झालं तर त्याची एक चपटी चुणी पाडा आणि वरून ठिगळ लावा. गोधडीवरची निम्मी ठिगळं असलं काहीतरी झाकायलाच असतात, कुणी सांगत नाही एवढंच! दोरा हातभरच घ्या, ओढून घट्ट करू नका. टाके बारीक नंतर होतील, आधी सारखे येऊ द्यात.

सुई मात्र आजच काढा. गंज कापड खातो. आणि डागावर ब्लीच घालू नका, गंजाचा डाग त्याने आणखी पक्का होतो.

उसवण
दादा, माझे मिस्टर जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या शर्टांची गोधडी करायला घेतली, पण कात्री लावायलाच सहा महिने गेले. शेवटी त्यांना अजिबात न आवडणाऱ्या, मीच घेतलेल्या पिवळ्या शर्टापासून सुरुवात केली. तो कापताना रडू आलं नाही, उलट हसू आलं. एक शर्ट न धुता डब्यात घालून ठेवलाय. तो कापणार नाही.

लोक म्हणतात, मन रमतं. मन कसलं रमतंय, हात रमतात. पहिल्या वर्षी मी जेवढं शिवलं तेवढंच उसवलं.

मुलीला एक ओळ घालायला देऊन बघा.

जुना धागा
वेगळं मत मांडतो. पूर्ण करायलाच हवी असं नाही. अमेरिकेत केंटकीमधल्या एलिझाबेथ रोझबेरी मिचेल या बाईंनी दोन मुलगे गेल्यावर 1843 मध्ये एक गोधडी केली. मधे दफनभूमी, काठावर घरच्यांच्या नावाच्या कापडी शवपेट्या. कुणी गेलं की त्याची पेटी काठावरून उसवून मधे लावायची. काही पेट्या मधे गेल्या, बाकीच्या अजून काठावरच आहेत. ती गोधडी केंटकीच्या इतिहास संस्थेने जपून ठेवली आहे.

लेथवाला
सगळ्यांचे आभार. जुना धागा, शवपेट्यांची गोधडी पांघरून झोप कशी लागायची हो? आमची पांघरायची आहे, म्हणून पुरी करतोय.

कच्चे टाके घातले, फुगा निम्मा बसला. उरलेल्याची चुणी पाडली. ठिगळाला माझ्या वर्कशॉपच्या शर्टाचा खिसा काढलाय. त्यावरचा तेलाचा डाग काढायला तिने किती साबण झिजवला असेल!

सुई हाताने निघेना, पक्कड लावावी लागली. दोरा तुटला. तिचा दोन इंच दोरा वर राहिला होता, तो आत ओवून टाकला आणि तिथूनच माझा सुरू केला. मुलगी रविवारी येते म्हणालीय. तिचे टाके माझ्याहून वाईट असणार, तिला अंगुस्तान कुठल्या बोटात घालतात तेही माहीत नाही.

टाकेवाली, ठिगळाची कड आत दुमडताना कोपरा जाड होतो. तिथलं कापड थोडं कापलं तर चालेल का?